पत्रा ओळखावा, मग वेल्डिंग निवडावे

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांचे अर्थकारण मोठ्या प्रमाणात शेतमालाच्या वाहतुकीवर अवलंबून आहे. नारायणगावच्या उपबाजारात येणारा टोमॅटो, मंचर, ओतूर व आळेफाटा येथील बाजारांत येणारा कांदा, कुकडी व घोड नद्यांच्या पाण्यावर पिकणारा ऊस आणि भाजीपाला हा सारा माल शेताच्या बांधावरून बाजारापर्यंत पोहोचतो तो पिकअप, टेम्पो आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. ज्या कुटुंबाची उपजीविका अशा एखाद्या वाहनावर चालते, त्या कुटुंबाच्या दृष्टीने ते वाहन बैलजोडीइतकेच मोलाचे होय. हंगामात ते चार दिवस गॅरेजमध्ये अडकून पडले, तर माल शेतातच राहतो.

या परिस्थितीत वाहनाच्या पत्र्याची किरकोळ दुरुस्ती घरच्या घरी करण्याकडे अनेक वाहनमालकांचा कल असणे स्वाभाविक आहे. घरगुती विजेवर चालणारी लहान इन्व्हर्टर वेल्डिंग यंत्रे आता तालुक्याच्या गावी हार्डवेअरच्या दुकानातही मिळतात. गावोगावी दारे, खिडक्या, गोठ्याचे सांगाडे तयार करणारी फॅब्रिकेशनची दुकाने आहेत. तथापि हाताशी जे यंत्र आहे त्यानेच वाहनाचा पत्रा जोडण्याची पद्धत पडून गेल्यामुळे बरेचदा दुरुस्तीने बिघाडच वाढतो. पत्र्याला भोके पडतात, तो वाकडा होतो, किंवा जोड वरून भक्कम दिसतो आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर त्याच्या कडेचा पत्रा कुजून सुटतो. म्हणूनच वेल्डिंगची पद्धत यंत्र पाहून नव्हे, तर पत्रा पाहून ठरविली पाहिजे. त्यासाठी तीन प्रश्न क्रमाने विचारावे लागतात : पत्रा किती जाड व कोणत्या पोलादाचा आहे? तो भाग कोणता भार वाहतो? आणि दुरुस्तीच्या जागी वीज, गॅस व आडोसा यांची सोय कशी आहे?

वाहनाचा पत्रा का कुजतो?

या दोन तालुक्यांत पावसाचे मान सर्वत्र सारखे नाही. पश्चिमेस माळशेज, नाणेघाट, भीमाशंकर या सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस मुसळधार पडतो, तर पूर्वेकडील गावे तुलनेने कोरडी राहतात. पश्चिमेकडील वाहनाच्या तळाशी पावसाळाभर चिखल चिकटून राहतो आणि त्यातील ओल पत्रा सोडत नाही. पूर्वेकडील वाहनांना निराळा त्रास असतो. फुटलेल्या टोमॅटोचा रस आम्लधर्मी असतो. म्युरिएट ऑफ पोटॅशसारख्या खतांच्या सांडलेल्या कणांत क्लोराइड असते. ही द्रव्ये पाण्याबरोबर हौद्याच्या फटीत झिरपली की रंग सुटतो आणि पोलाद गंजू लागते. गंज बहुधा आतल्या बाजूने सुरू होतो. बाहेरून रंगावर रुपयाएवढा फुगवटा दिसतो, तेव्हा आतील पत्रा तळहाताएवढ्या जागेत पातळ झालेला असतो.

यातून पहिला नियम निघतो. गंजलेल्या पत्र्यावर कोणतेही वेल्डिंग टिकत नाही. चकचकीत, मूळ जाडीचा पत्रा लागेपर्यंत कुजलेला भाग कापून काढल्याशिवाय पद्धतीचा विचारच करू नये. रंग, डांबरी लेप आणि गंज वितळलेल्या धातूत मिसळले की जोडात फुगे धरतात आणि तो सच्छिद्र होतो.

पत्र्याची जाडी : पहिली कसोटी

मोटारीच्या दाराचा किंवा मडगार्डचा पत्रा सामान्यतः ०.७ ते ०.९ मिलिमीटर जाडीचा असतो. बाजारातील भाषेत तो २२ ते २० गेजचा होय. केबिनच्या तळाचा पत्रा त्याहून थोडा जाड, म्हणजे सुमारे १ ते १.२ मिलिमीटर असतो. मालवाहू हौद्याचा पत्रा त्याहून जाड असतो, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा पत्रा व चौकट ३ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक जाडीची असते. एकाच वाहनात जाडीचा असा चौपट फरक आढळत असल्यामुळे एकच यंत्र सर्वत्र चालेल, ही अपेक्षा चुकीची ठरते.

पोलाद सुमारे १,५०० अंश सेल्सिअसला वितळते. जाड पट्टी उष्णता शोषून घेते. पातळ पत्र्याला ती सामावून घेता येत नाही. याचे साधे गणित शिक्षकांना वर्गातही मांडता येईल. पोलादाची एक मीटर लांबी तापमानाच्या प्रत्येक अंशाला सुमारे ०.०१२ मिलिमीटरने वाढते. १०० मिलिमीटर लांबीची पट्टी ५०० अंशांनी तापली, तर ती ०.६ मिलिमीटरने लांबू पाहते. भोवतालचा थंड पत्रा तिला लांबू देत नाही. म्हणून तापलेला धातू जागच्या जागी दबतो, आणि थंड होताना आखडून भोवतालच्या पत्र्याला आपल्याकडे ओढतो. दार किंवा बॉनेट लाटेसारखे वाकते ते यामुळे. म्हणून पातळ पत्र्यासाठी योग्य पद्धत ती, जी जोड पुरता वितळवून कमीत कमी उष्णता पत्र्यात सोडते.

रॉडचे वेल्डिंग

गावात सर्वत्र प्रचलित असलेली पद्धत म्हणजे रॉडचे किंवा आर्क वेल्डिंग. रॉड व पत्रा यांच्यामध्ये विजेची ज्योत निर्माण होते, रॉड स्वतः वितळून जोडात भरतो, आणि त्यावरील लेप वितळून धातूचे हवेपासून रक्षण करतो. यंत्र स्वस्त, साहित्य सर्वत्र उपलब्ध, गॅसच्या टाकीची गरज नाही आणि वाऱ्याचा फारसा अडथळा नाही, हे या पद्धतीचे गुण आहेत. भारतीय मानक आयएस ८१४ मध्ये या रॉडचे वर्गीकरण दिलेले आहे.

परंतु २.५ मिलिमीटर जाडीच्या रॉडला ज्योत टिकविण्यासाठीच साधारण ६० ते ९० अँपिअर प्रवाह लागतो. ७० अँपिअर व २४ व्होल्ट धरल्यास ही उष्णता सुमारे १,७०० वॉट होते. ०.८ मिलिमीटरचा पत्रा ती सहन करू शकत नाही. तेथे भोक पडते, भोक भरण्यासाठी पुन्हा रॉड लावला जातो आणि भोक अधिकच मोठे होते. निष्णात कारागीर २ मिलिमीटरचा बारीक रॉड घेऊन तुटक तुटक टाके देऊ शकतो. तरीही दीड मिलिमीटरपेक्षा पातळ पत्र्यासाठी ही पद्धत टाळणेच श्रेयस्कर. उलट ट्रॉलीची चौकट, फाळक्याच्या बिजागऱ्या, दोर बांधण्याचे हूक, हौद्याखालील आडव्या पट्ट्या यांसाठी रॉडचे वेल्डिंग सर्वथा योग्य आहे.

गॅस वेल्डिंग

ऑक्सिजन व ॲसिटिलीन यांची ज्योत सुमारे ३,१०० अंशांपर्यंत तापते. डेंटिंगचे काम करणाऱ्या जुन्या कारागिरांचे हात या पद्धतीवर बसलेले आहेत. विजेची मुळीच गरज नसणे हा तिचा मोठा गुण. तिचा जोड मऊ राहतो, त्यामुळे तो नंतर हातोडी व ऐरणीवर ठोकून सपाट करता येतो. त्याच ज्योतीने पत्रा तापवून उचलता येतो, गंजलेला नट सैल करता येतो आणि पितळी जोडही देता येतो. पितळी जोडात पत्रा वितळत नाही. सुमारे ९०० अंशांना वितळणारे पितळ दोन पत्र्यांच्या फटीत ओढले जाते. मात्र जेथे पितळ एकदा लागले, तेथे पुढे पोलादाचे वेल्डिंग नीट होत नाही, हे लक्षात ठेवावे.

या पद्धतीचा दोष म्हणजे उष्णता पसरते. ज्योत हळूहळू तापवते, म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंचा बराच मोठा भाग तापून पत्रा वाकतो आणि मागील बाजूचा रंग जळतो. मोठ्या सपाट भागावर नवशिक्याने गॅसचा प्रयोग करू नये. स्वयंपाकाच्या गॅसची ज्योत पोलादाच्या वेल्डिंगसाठी चालत नाही, आणि घरगुती सिलिंडर अशा कामास वापरणे नियमबाह्य व धोक्याचेही आहे.

सीओटू वेल्डिंग

कारागीर ज्यास सीओटू म्हणतात, त्या पद्धतीत रॉडऐवजी बारीक तार बंदुकीतून आपोआप पुढे सरकते आणि तारेभोवती सोडलेला गॅस वितळलेल्या धातूचे रक्षण करतो. ही पद्धत १९५० नंतरच्या दशकात उद्योगांत रूढ झाली. वाहनाच्या पत्र्यासाठी ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची तार वापरतात. ०.८ मिलिमीटर पत्र्यावर सुमारे ४० अँपिअर व १६ व्होल्ट पुरतात, म्हणजे उष्णता साडेसहाशे वॉटच्या आसपास राहते. रॉडच्या तुलनेत ती निम्म्याहूनही कमी आहे, आणि बंदुकीचा खटका दाबून एकेका सेकंदाचे टाके देता येत असल्यामुळे ती पत्र्यात साठत नाही.

शुद्ध कार्बन डायऑक्साइड स्वस्त पडतो, पण ठिणग्या अधिक उडतात. सुमारे ८० टक्के अर्गॉन व २० टक्के कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण पातळ पत्र्यावर अधिक शांतपणे चालते. घरी शिकणाऱ्या माणसाच्या हातात सर्वांत लवकर बसणारी आणि बॉडीच्या बहुतेक कामांना पुरणारी पद्धत हीच होय. गॅसशिवाय चालणारी, पोटात लेपद्रव्य भरलेली तारही बाजारात मिळते. ती वाऱ्यात चालते, परंतु अधिक उष्ण असते व ठिणग्या अधिक उडवते. म्हणून तिचा उपयोग दीड मिलिमीटर व त्याहून जाड पत्र्यापुरता मर्यादित ठेवावा.

सीओटूचा जोड कठीण असतो, तो ठोकून पसरविता येत नाही. घासूनच सपाट करावा लागतो. घासताना पत्रा पुन्हा तापू न देण्याची काळजी घ्यावी लागते.

आर्गन वेल्डिंग आणि खोडदचे शेजार

टंगस्टनच्या न वितळणाऱ्या टोकाने ज्योत निर्माण करून दुसऱ्या हाताने तार भरण्याच्या पद्धतीला कारागीर आर्गन वेल्डिंग म्हणतात. उष्णतेवर इतका बारीक ताबा दुसऱ्या कोणत्याही हातपद्धतीत मिळत नाही. जोड स्वच्छ व मऊ असतो, ठिणग्या उडत नाहीत. योग्य यंत्र असल्यास ॲल्युमिनियमही जोडता येते. परंतु काम संथ आहे, दोन्ही हातांना वेगवेगळे काम असते, आणि पत्रा अगदी स्वच्छ लागतो. वाहनाच्या तळाशी उताणे पडून हे काम करणे कठीण.

या तालुक्यांपुरती आणखी एक बाब विचारात घेण्यासारखी आहे. जुन्नर तालुक्यात खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खभौतिकी केंद्राची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संकेत टिपतात. मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणे, हे ही जागा निवडण्याचे एक प्रमुख कारण होते. आर्गनच्या काही यंत्रांत ज्योत पेटविण्यासाठी उच्च वारंवारतेची ठिणगी वापरतात, आणि अशा ठिणगीतून रेडिओ लहरी दूरवर फेकल्या जातात. टंगस्टनचे टोक पत्र्याला टेकवून उचलताच ज्योत पेटेल, अशी सोय असलेली यंत्रेही मिळतात. अँटेनांच्या परिसरात राहणाऱ्यांनी अशाच यंत्राची निवड करणे सर्वांच्या हिताचे ठरेल.

स्पॉट वेल्डिंग : कारखान्याची पद्धत

नारायणगाव व मंचरहून पुण्याकडे जाताना लागणाऱ्या चाकणच्या औद्योगिक परिसरात मोटारींचे कारखाने आहेत. अशा कारखान्यांत मोटारीचा सांगाडा हजारो ठिपक्यांनी जोडला जातो. हे ठिपके बहुतांशी यंत्रमानव देतात. दोन पत्रे तांब्याच्या दोन टोकांत दाबून क्षणभर हजारो अँपिअर प्रवाह सोडला की दोहोंच्या स्पर्शाच्या जागी धातू वितळून एक गोळी तयार होते. विद्युत् रोधाच्या उष्णतेने धातू जोडण्याच्या या तत्त्वाचे पेटंट एलिहू टॉमसन यांनी १८८६ मध्ये मिळविले. ज्योत नाही, भरणीची तार नाही आणि पत्राही वाकत नाही.

घरी मात्र यात दोन अडचणी येतात. दोन्ही बाजूंनी हात पोहोचला पाहिजे, आणि वीज भरपूर पाहिजे. म्हणून दुरुस्तीत त्याची जागा भरणीचा टाका घेतो. वरच्या पत्र्याला सुमारे ८ मिलिमीटर व्यासाची भोके पाडावीत, तो खालच्या पत्र्यावर घट्ट दाबून धरावा आणि सीओटूने भोकाच्या मध्यापासून सुरुवात करून ते भरावे. मूळ ठिपके जितके होते, निदान तितके टाके द्यावेत. कारखान्यातील जोडाशी सर्वांत मिळताजुळता जोड घरगुती साधनांनी मिळतो तो हाच.

भाग कोणता : दुसरी कसोटी

दार, मडगार्ड, हौद्याचा तळ यांचे काम झाकण्याचे किंवा माल पेलण्याचे असते. त्यांचा जोड बिघडला तर पैसा व श्रम वाया जातात. चासिसच्या लांब तुळया, चाकांच्या स्प्रिंगांचे व स्टिअरिंगचे आधार, सीटबेल्टचे खिळ, छत पेलणारे खांब यांचा जोड बिघडला तर माणसे दगावू शकतात. याच वाहनांतून मालासोबत मजूरही प्रवास करतात, हे वास्तव डोळ्यांआड करता येत नाही. या दुसऱ्या वर्गातील कोणत्याही भागावर घरी वेल्डिंग करू नये.

नव्या मोटारींच्या बाबतीत ही मर्यादा अधिकच कडक होते. समोरून व बाजूने होणाऱ्या धडकेच्या चाचणीचे नियम २०१७ पासून नव्या मॉडेलच्या मोटारींना आणि २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना लागू झाले; २०२३ मध्ये भारत एनकॅप ही गुणांकन योजनाही सुरू झाली. या चाचण्यांत उतरण्यासाठी खांब व उंबऱ्याचे भाग अतिबळकट पोलादाचे करतात. तापवून दाबलेल्या बोरॉनयुक्त पोलादाचे बळ साध्या पत्र्याच्या कितीतरी पट असते. ते बळ त्याच्या घडणीतील विशिष्ट तापमानातून आलेले असते. गॅसची ज्योत लागताच ते जाते, आणि डोळ्यांना मात्र काहीच फरक दिसत नाही. जुन्या वाहनाला साजेसा उपाय नव्या वाहनाला घातक ठरतो तो असा.

कायद्याचाही येथे संबंध येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा फेरबदल मालकास करता येत नाही. कुजलेल्या जागी तसाच पत्रा बसविणे ही दुरुस्ती होय. हौदा लांबविणे किंवा उंच करणे हा फेरबदल होय. चासिस क्रमांक कोरलेल्या भागास कापणे, घासणे वा वेल्डिंग करणे सर्वथा टाळावे. मालवाहू वाहनास पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते, हेही ध्यानात असावे.

वीज, वारा आणि पाऊस : तिसरी कसोटी

शेतीच्या वाहिनीवर तीन फेजचा पुरवठा ठरावीक तासांपुरता असतो. म्हणून घरच्या कामासाठी एका फेजवर चालणारे यंत्र घेणे सोयीचे. १०० अँपिअर देणारे इन्व्हर्टर यंत्र मुख्य वाहिनीतून साधारण १२ ते १५ अँपिअर घेते. त्यासाठी जाड तारेची स्वतंत्र जोडणी, योग्य क्षमतेचा कटआउट आणि चांगले अर्थिंग आवश्यक आहे. दिव्याच्या प्लगला बारीक वायर जोडून यंत्र चालविल्यास वायर तापते, दाब उतरतो आणि जोड कच्चा राहतो. दाब उतरलेल्या वेळी यंत्राचा आकडा वाढवीत बसण्यापेक्षा काम थांबविणे बरे.

सीओटू व आर्गन या दोन्ही पद्धतींत संरक्षक गॅस वाऱ्याने उडून जातो. उघड्या खळ्यावर काम करणाऱ्याचा जोड स्पंजासारखा होतो आणि दोष यंत्राला दिला जातो. तिन्ही बाजूंनी आडोसा असलेले पत्र्याचे छप्पर पुरेसे आहे. मात्र धूर बाहेर जाण्यास वाट हवी. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर उभे राहून वेल्डिंग कधीही करू नये.

एक उदाहरण

पिकअपच्या केबिनचा तळ चालकाच्या पायाखाली तळहाताएवढा कुजला आहे, असे समजू. पत्रा सुमारे १ मिलिमीटर जाडीचा आहे, भाग भार वाहणारा नाही, आणि घरी एका फेजची वीज व आडोसा आहे. तिन्ही कसोट्यांवर सीओटूची निवड होते. सीट, गालिचा व खालचा फोम काढून घ्यावा. चकचकीत पत्रा लागेपर्यंत भाग कापावा व कोपरे गोल ठेवावेत, कारण टोकदार कोपऱ्यातून चीर धरते. त्याच जाडीचा तुकडा भोकाला बरोबर बसेल असा कापून कडेला कड भिडवावी. एकावर एक पत्रा ठेवल्यास बसविणे सोपे जाते, पण मधल्या फटीत पाणी साचते. तसे करणे भागच पडले, तर फट खालून सीलंटने बंद करावी.

प्रथम दर २५ ते ३० मिलिमीटरवर एक टाका द्यावा. सलग एका बाजूने न जाता समोरासमोर टाके द्यावेत. नंतर दोन टाक्यांच्या मध्ये टाका, पुन्हा मध्ये टाका, असे करीत जोड पूर्ण करावा, आणि हात जवळ नेल्यावर चटका बसेनासा झाल्यावरच पुढचा टाका द्यावा. शेवटी वरून व खालून दोन्ही बाजूंनी जस्तयुक्त प्रायमर, सीलंट व रंग लावावा. मागची बाजू उघडी राहिली, तर वरच्या बाजूचे सारे श्रम एका पावसाळ्याचे सोबती ठरतात.

मुख्य कामाआधी एक चाचणी अवश्य करावी. त्याच जाडीचे दोन टाकाऊ तुकडे भरणीच्या टाक्याने जोडावेत आणि पक्कड व छिन्नीने सोलून अलग करावेत. टाका जागेवर राहून एका पत्र्याला भोक पडले, तर जोड पक्का. टाकाच अलगद सुटला, तर प्रवाह कमी आहे. ही चाचणी पार पडेपर्यंत वाहनाला हात लावू नये.

सुरक्षिततेचे नियम

वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडावे. यंत्राचा अर्थ क्लॅम्प जोडाच्या शक्य तितक्या जवळ, घासून चकचकीत केलेल्या जागी लावावा. अन्यथा प्रवाह बेअरिंगमधून किंवा इलेक्ट्रॉनिक भागांतून मार्ग काढतो. इंधनाच्या टाकीवर वेल्डिंग करू नये. रिकामी टाकी सुरक्षित असते, हा समज जीवघेणा आहे. तळाशी राहिलेली वाफच स्फोट घडविते. सीएनजीच्या सिलिंडरवर वा त्याच्या नळ्यांवर ज्योत नेऊ नये. विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या बाबतीत काम अधिकृत केंद्रावरच सोपवावे.

जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तापला की जस्त सुमारे ९०७ अंशांना उकळून पांढरा धूर होतो. तो छातीत गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. जोडाच्या कडेचा मुलामा आधी घासून काढावा आणि मोकळ्या हवेत काम करावे. क्लोरिनयुक्त द्रवाने साफ केलेल्या पत्र्यावर ज्योत नेल्यास विषारी वायू तयार होतो. ज्योतीकडे उघड्या डोळ्यांनी पाहिल्यास रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. म्हणून योग्य काचेचा मुखवटा स्वतःला हवाच, शिवाय कुतूहलाने जमलेल्या मुलांना दूर ठेवावे. अंगात सुती कपडे व पायांत बंद चामडी बूट असावेत.

ऑक्सिजनच्या काळ्या व ॲसिटिलीनच्या तांबूस तपकिरी टाक्या उभ्या बांधून ठेवाव्यात. ऑक्सिजनच्या झडपेला तेल वा ग्रीस कधीही लावू नये. दोन्ही नळ्यांवर ज्योत मागे येण्यास रोखणारी झडप बसवावी. काम संपल्यावर पाण्याची बादली व ओली गोणपाटे जवळ ठेवून निदान अर्धा तास वाहनापाशी थांबावे. फोमच्या आत धुमसणारी ठिणगी उशिरा पेट घेते.

प्रशिक्षणाची जोड

घरच्या दुरुस्तीचा हेतू कारागिराला वगळण्याचा नसून, कोणते काम घरी करावे व कोणते कारागिराकडे सोपवावे, हे ओळखण्याचा आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वेल्डर हा व्यवसाय एक वर्ष मुदतीचा असून आठवी उत्तीर्ण उमेदवारास त्यास प्रवेश घेता येतो. मोटारीच्या बॉडीची दुरुस्ती हाही देशपातळीवरील कारागीर प्रशिक्षण योजनेतील एक मान्य व्यवसाय आहे. गावातील फॅब्रिकेशनच्या दुकानात काम शिकणाऱ्या तरुणास या प्रशिक्षणाची माहिती ग्रामपंचायतीने दिली, तर त्याच्या अनुभवाला शास्त्राची जोड मिळेल. माध्यमिक शाळेतील शिक्षकांना उष्णता, प्रसरण व विद्युत् प्रवाह हे पाठ शिकविताना वेल्डिंगच्या दुकानाइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण. पंचायतीच्या पाण्याच्या टँकरची किंवा घंटागाडीची दुरुस्ती करून घेताना सदस्यांनीही पत्रा किती जाडीचा, जोड कोणत्या पद्धतीचा आणि मागची बाजू रंगविली काय, हे तीन प्रश्न विचारावेत. त्याने सार्वजनिक पैशाची बचत होईल.

दीड मिलिमीटरच्या आतील पत्र्यास सीओटू, त्याहून जाड पट्टीस रॉड, वीज नसेल तेथे निष्णात हातातील गॅस, नाजूक कामास आर्गन, आणि जिवाशी संबंध असलेल्या भागास घरी हात न लावणे, असा या विवेचनाचा सारांश आहे. माल बाजारात वेळेवर पोहोचावा, इतकीच वाहनमालकाची अपेक्षा असते. ज्या वाहनाने तो पोहोचतो, ते वाहन चालविणाऱ्याला आणि त्यात बसणाऱ्याला सुखरूप घरी परत आणील, याची खात्री पत्रा ओळखून केलेली दुरुस्तीच देऊ शकते.